विद्या कोणाच्या दारी: चिखलदरा ते अकोला

सप्टेंबर सरत आला तरी चिखलदऱ्याच्या पठारावर ढग जमिनीलगतच रेंगाळत असतात. खाली वऱ्हाडात सोयाबीन पिवळे पडून सोंगणीला आलेले आणि इथे वर अंगात स्वेटर. गाविलगडाच्या या डोंगररांगेत, जवळजवळ अकराशे मीटर उंचीवर, कॉफीची झाडे वाढतात हे वऱ्हाडाबाहेरच्या अनेकांना खरे वाटत नाही. त्याहून अनपेक्षित आहे ते मरियमपूर. चिखलदऱ्याच्या पठारावरची ही कॅथलिक मिशनची वस्ती. चर्च, शाळा आणि आसपासचा सारा मुलूख कोरकू आदिवासींचा.

नागपूर आणि वऱ्हाडात कॅथलिक मिशनचे काम रुजवले ते मुख्यतः सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मसंघाने. आल्प्स पर्वताच्या कुशीतल्या ॲनसी गावी 1838 साली पीटर मेर्मिए नावाच्या धर्मगुरूंनी तो स्थापला. काही वर्षांतच त्या संघाचे धर्मगुरू विशाखापट्टणमच्या वाटेने भारतात आले आणि तिथून कामठीची छावणी, नागपूर असे करत वऱ्हाडात पोचले. अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत 1955 साली नागपूरपासून वेगळा झाला. त्याच संघाचे महाविद्यालय नागपुरात 1956 पासून चालू आहे. बर्फाच्या मुलखातून आलेली ही माणसे मेळघाटाच्या जंगलात शाळा काढून बसली, यामागे धर्मप्रसाराची प्रेरणा होती हे उघड आहे. पण ज्यांच्या दारात तोवर कोणी पाटी घेऊन गेले नव्हते, त्यांच्या दारात ते गेले, ही गोष्टही तितकीच खरी.

मेळघाटात शाळा काढणे म्हणजे काय, हे कोरकू बोली कानावर पडली की उमगते. मराठी, हिंदी, गोंडी या सगळ्यांच्या गराड्यात असूनही कोरकूचे नाते यांच्यापैकी कोणाशीच नाही. ती मुंडा कुळातली भाषा. तिची सख्खी भावंडे, मुंडारी आणि संताळी, पार झारखंड-बंगालकडे बोलली जातात आणि या कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक इथे सातपुड्यात आहे. घरात कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. सहा वर्षांचे पोर पहिलीच्या वर्गात बसते तेव्हा अक्षरांच्या आधी त्याला एक अख्खी परकी भाषा गिळावी लागते.

अशा शाळांच्या पुढे जाऊन पाहिले तर कॅथलिक चर्चचा आणि विद्यापीठांचा संबंधही फार जुना. पॅरिसचे विद्यापीठ कॅथेड्रलच्या शाळांतून वाढले. बेल्जियममधल्या लूव्हेनच्या विद्यापीठाला 1425 साली पोपनी मान्यता दिली. आपल्याकडे गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात 1556 साली भारतातला पहिला छापखाना आला. मुंबईचे सेंट झेवियर्स 1869 सालचे. 1893 साली श्रीलंकेत कँडीला सुरू झालेले धर्मविद्येचे पीठ 1955 मध्ये पुण्यात आले आणि आज ज्ञानदीप विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. 1990 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कॅथलिक विद्यापीठांसाठी एक सनद काढली. सत्याचा शोध निर्भयपणे घ्यावा आणि ते ज्ञान समाजाच्या, विशेषतः दुबळ्यांच्या कामी लावावे, असा तिचा आशय आहे.

वऱ्हाडात कॅथलिक विद्यापीठ नाही. पण श्रद्धेतून, सेवाव्रतातून निघालेली वाट विद्यापीठापर्यंत पोचल्याची उदाहरणे इथे पावलोपावली आहेत. घाट उतरून अकोल्यापर्यंत जायचे आणि ती वाट शोधायची, असे ठरवून निघालो.

घाट संपतो तिथे परतवाडा, त्याला जोडूनच अचलपूर. एकेकाळचे एलिचपूर, वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. पुढे चांदूरबाजारच्या दिशेने रस्त्याच्या दुतर्फा संत्र्याच्या बागा लागतात. आंबिया बहाराची फळे अजून हिरवी, क्वचित पिवळसर. फांद्या इतक्या लवलेल्या की बांबूचे टेकू दिलेले. सातपुड्याच्या पायथ्याचा हा पट्टा वऱ्हाडातला त्यातल्या त्यात सुखवस्तू. तरी बागायतदारांच्या बोलण्यात पाणी किती खोल गेले हाच विषय.

मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर लांबून पाहिले तर साधे खेडे वाटते. महानुभाव पंथीयांसाठी मात्र ते काशीसारखे आहे. पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू इथले, आणि चक्रधरांनंतर नागदेवाचार्यांभोवती जमलेला शिष्यपरिवारही इथेच राहिला. गावात फिरताना जागोजाग ओटे दिसतात. गोविंदप्रभू इथे बसले, इथे जेवले, इथे खेळले, अशी प्रत्येक जागा पंथाने जपून ठेवली. त्या जागांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ नावाची पोथीच आहे. एका ओट्यापाशी थांबलो तर तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी पुढच्या चार जागा तोंडपाठ सांगितल्या. कुठल्या दिशेला, किती अंतरावर आणि तिथे कोणती लीळा घडली ते सगळे.

याच गावात 1278च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यांची पद्धत आजच्या कोणत्याही संशोधकाने अभ्यासावी अशी आहे. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या एकेका माणसाला त्यांनी गाठले, आठवणी विचारल्या, कोण काय म्हणाले ते लिहून घेतले आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर एकाचे खोडून दुसऱ्याचे ठेवले नाही. कोणाचे म्हणणे काय, ते नाव घेऊन नोंदवले. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत झालेले हे क्षेत्रीय संशोधन आहे. महदाइसेचे ‘धवळे’ही रिद्धपुरातलेच. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री म्हणून आपण जिला ओळखतो, तिने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्ताने ते रचले.

पंथातली एक हकीकत मला या प्रवासात फार मोलाची वाटली. केशोबास हे संस्कृतचे पंडित. त्यांनी संस्कृतात ग्रंथ रचायची इच्छा दाखवली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. संस्कृतात लिहिले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. तेराव्या शतकात, विद्येचा सगळा मान संस्कृतात असताना, ग्रंथ कोणासाठी लिहायचा याचा निर्णय निरक्षर म्हाताऱ्यांकडे पाहून घेतला गेला. पुढे साडेतीनशे वर्षांनी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले. 1616 साली ते रायतूरला छापले गेले. दोन धर्म, दोन काळ; पण ऐकणाऱ्याची भाषा बोलली पाहिजे, हा निर्णय एकच.

या ज्ञानाला पुढे कुलूपही लागले. पोथ्या परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून पंथाने त्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. बाहेरच्या जगाला त्या वाचता येऊ लागल्या त्या विसाव्या शतकात. हे कुलूप उघडणाऱ्यांत वऱ्हाडचेच वि. भि. कोलते अग्रणी. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झालेले कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ 1978 साली प्रसिद्ध झाले. आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. 2024 साली त्याचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मराठीचे विद्यापीठ मुंबई-पुण्याला न होता एका खेड्यात व्हावे, हा निर्णय मला मनापासून पटला. ते विद्यापीठ नुसत्या पदव्या देऊन थांबले नाही, वऱ्हाडी, झाडी, कोरकू यांच्यासाठीही दार उघडे ठेवले, तर नागदेवाचार्यांचा वारसा त्याने खऱ्या अर्थाने सांभाळला असे म्हणता येईल.

रिद्धपूरहून अमरावतीला यायला फार वेळ लागत नाही. अमरावती अंबादेवीचे शहर आणि कापसाचेही. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. 1861 ते 65च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला आणि लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाणारा वऱ्हाडी कापूस चढ्या भावाने जाऊ लागला. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली. जिनिंग, प्रेसिंग, अडत, सावकारी असा सारा पसारा उभा राहिला. पैसा आला तो अडत्यांच्या आणि सावकारांच्या घरात. पऱ्हाटी पिकवणाऱ्याच्या वाट्याला कर्जाचे कागद आले आणि ते कागद त्याला वाचता येत नव्हते.

उच्च शिक्षण मात्र दूरच राहिले. नागपूर विद्यापीठ 1923 साली स्थापन झाले आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघाले. तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झाले. त्याच्या जुन्या दगडी इमारतीपुढे उभे राहिले की सरकारने काढलेल्या कॉलेजाचा दिमाख जाणवतो. पण खेड्यातल्या कुणब्याच्या, माळ्याच्या, महाराच्या पोराने या शहरात राहायचे कुठे आणि खायचे काय, याचे उत्तर त्या इमारतीत नव्हते.

ते उत्तर पंजाबराव देशमुखांनी दिले. 27 डिसेंबर 1898 रोजी पापळ या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांनी जमीन गहाण टाकून मुलाला विलायतेला पाठवले. वेदवाङ्मयातल्या धर्माच्या विकासावर डॉक्टरेट मिळवून, बॅरिस्टर होऊन ते 1926 साली परतले. एवढी विद्या घेऊन आलेल्या माणसाला वकिलीत रग्गड पैसा मिळाला असता. त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीत बसवली. 1927 साली अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ उभी राहिली तेव्हा ते पुढे होते. वेदांवर प्रबंध लिहिलेला हा माणूस देवळाच्या दारात अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहिला, हे मला त्यांच्या पदव्यांहून मोठे वाटते. 1932 साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापली. आज ती विदर्भातल्या सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. वऱ्हाडात कोणत्याही तालुक्याच्या गावी जा, ‘शिवाजी’ नावाची शाळा किंवा कॉलेज सापडतेच.

1950च्या दशकात केंद्र सरकारने ग्रामीण उच्च शिक्षणाच्या काही निवडक संस्था उभ्या केल्या. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाबरोबर त्यांत अमरावतीचे शिवाजी लोकविद्यापीठही होते. खेड्यातल्या मुलाला शिकवून शहराकडे पाठवायचे की खेडेच उभे करण्यासाठी शिकवायचे, हा प्रश्न तेव्हा देशभर चर्चेत होता. अमरावतीने त्याचा प्रयोग करून पाहिला.

व्रत म्हणून संस्था चालवण्याची ही सवय या शहराच्या अंगातच दिसते. वैद्य बंधूंनी 1914 साली सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आखाड्यातून वाढत शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयापर्यंत पोचले. 1936 साली त्यांच्या खेळाडूंनी बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी 1946 साली शहराबाहेर तपोवन उभारले. कुष्ठरोग्यांना बरे करणे आणि कामाला लावणे ही दोन्ही कामे तिथे एकत्र चालली. अमरावतीचे विद्यापीठ याच तपोवनाच्या बाजूला आहे. एका बाजूला टेकड्या आणि पोहऱ्याचे जंगल, मध्ये तळी आणि सुमारे 470 एकरांचा परिसर. बिबट्या दिसल्याच्या बातम्या इथे दरवर्षी येतात.

1 मे 1983 रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन हे विद्यापीठ स्थापन झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. के. जी. देशमुख पहिले कुलगुरू. 2005 साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. त्याच सुमारास नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. दोघेही संत अमरावती जिल्ह्यातले: गाडगेबाबा शेंडगावचे, तुकडोजी यावलीचे. दोघांनाही कॉलेजची पायरी चढायला मिळाली नाही, गाडगेबाबांना तर अक्षरओळखही नव्हती. विदर्भाच्या दोन मोठ्या विद्यापीठांच्या पदवीपत्रांवर ही दोन नावे आहेत, याचे अप्रूप मला विद्यापीठाची कमान ओलांडताना नव्याने वाटले.

विद्यापीठातून निघून शहरातल्या गाडगेनगरला गेलो. बाबांची समाधी तिथे आहे. ज्यांनी आपले देऊळ बांधू नका, आपला कोणी शिष्य नाही असे आयुष्यभर बजावले, त्यांच्या समाधीपाशी नारळ-उदबत्त्यांपेक्षा अन्नदान आणि वसतिगृह यांची लगबग शोभून दिसते. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, गरिबाच्या मुलांना शिक्षण, बेघराला आसरा, रोग्याला औषध, बेकाराला काम, मुक्या जनावरांना अभय, गरीब तरुण-तरुणींचे लग्न आणि दुःखी माणसाला हिंमत अशी त्यांची दशसूत्री भिंतीवर लिहिलेली असते. यादीत पूजा, उपवास, तीर्थ काहीच नाही.

अमरावतीहून दर्यापूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर वलगाव येते. इथल्या पेढी नदीच्या पुलाजवळ, अमरावतीला जात असताना, 20 डिसेंबर 1956 रोजी बाबा वारले. बाबासाहेब आंबेडकरांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते. दोघांचा एकमेकांवर लोभ होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी 1949 साली आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1954 साली कराडच्या कॉलेजला बाबांचे नाव दिले. म्हणजे त्यांच्या नावाचे कॉलेज त्यांनी जिवंतपणीच पाहिले. 1952 साली स्थापन झालेले गाडगे महाराज मिशन आजही आश्रमशाळा आणि वसतिगृहे चालवते.

बाबांचे कीर्तन म्हणजे चालताबोलता वर्ग होता. ते आधी गाव झाडून काढत. मग रात्री हजारोंच्या पुढे उभे राहून प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्या तोंडून काढून घेत. कर्ज काढून सण का करता? देवापुढे बोकड का कापता? पोराला शाळेत का घालत नाही? घरातले ताट-वाटी विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. हा आग्रह कुठून आला ते त्यांच्या बालपणात दिसते. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे नाव. वडील लवकर गेले, म्हणून ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. मामाची शेती सावकाराच्या कागदात अडकली, कारण कागदावर काय लिहिले आहे ते घरात कोणालाच वाचता येत नव्हते. अक्षर न येण्याची किंमत त्यांनी जमिनीच्या भावात मोजलेली होती.

वलगावच्या पुढे जमीन सपाट होत जाते. झाडे विरळ, माती काळीभोर आणि भेगाळ. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा: अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला, साडेचार लाख हेक्टरांहून मोठा. जमिनीखालचे पाणी खारे, त्यामुळे विहीर खणूनही बागायत होत नाही. ते पाणी वर्षानुवर्षे दिले तर माती चिकट होऊन बिघडते. मूग-उडीद निघालेल्या एका वावरात एक शेतकरी बैलजोडी सोडून बसले होते. त्यांनी बादलीत विहिरीचे पाणी काढून पुढे केले. जिभेला लागताच मिठाची खारट, कडसर चव. “भाऊ, हे पाणी गुरंबी नाई पेत,” ते म्हणाले. आता ते हरभरा पेरणार होते. भारी जमिनीने पावसाळ्यात जो ओलावा पोटात धरून ठेवला असेल, त्याच्यावरच तो वाढायचा. इथला शेतकरी पाणी देत नाही, असलेला ओलावा जपतो. अलीकडे काहींनी शेततळी खणली आहेत. पावसाचे गोडे पाणी साठवून ऐन फुलोऱ्यात हरभऱ्याला एक पाळी देता आली तरी पीक पालटते, असे ते सांगत होते.

दर्यापूरहून मूर्तिजापूर. या स्टेशनातून एका बाजूला अचलपूर आणि दुसऱ्या बाजूला यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी जायची. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणण्यासाठी एका ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो मार्ग बांधला. स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके त्याची मालकी खासगी कंपनीकडेच होती. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाची ती गाडी बंद पडून आता बरीच वर्षे झाली. खेड्यापाड्यांतली पोरे शाळा-कॉलेजला याच गाडीने यायची, हे तिच्याविषयी बोलणारा प्रत्येक जण सांगतो. कापसासाठी टाकलेल्या रुळांनी माणसेही शिकवली. ती गाडी पुन्हा धावावी म्हणून लोक अजून अर्जविनंत्या करतात, त्या गतकाळाच्या हौसेपोटी नव्हेत.

अकोला जवळ येते तसे कृषी विद्यापीठाचे शिवार दिसू लागते. 1960च्या दशकात विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे म्हणून विद्यार्थी आणि शेतकरी रस्त्यावर उतरले होते. आधी 1968 मध्ये राहुरीला राज्याचे एकच कृषी विद्यापीठ झाले आणि मग 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्याला विदर्भासाठी वेगळे. त्याला नाव मिळाले पंजाबराव देशमुखांचे. देशाचे कृषिमंत्री म्हणून दहा वर्षे काम केलेल्या, भारत कृषक समाज स्थापणाऱ्या या माणसाचे निधन चार वर्षांपूर्वी, 1965 साली झाले होते. बीटी कापूस येण्याआधी कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडी असलेले पीकेव्ही हायब्रीड-2 हे वाण इथलेच. हरभऱ्याचे जॅकी 9218 तयार करण्यातही या विद्यापीठाचा वाटा.

दरवर्षी इथे शिवार फेरी भरते. त्या दिवसांत विद्यापीठाची प्रक्षेत्रे शेतकऱ्यांसाठी खुली असतात. ट्रॅक्टर, जीपगाड्या, एस.टी. भरून लोक येतात आणि उभ्या पिकातून पायी फिरतात. प्रत्येक वाणापुढे पाटी, पाटीपाशी शास्त्रज्ञ. फेटेवाले म्हातारे शेंगा फोडून दाणे दातांखाली चावून पाहतात, पऱ्हाटीची बोंडे मोजतात आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. या बियाण्याला गुलाबी अळी लागते का? खारपाणात चालेल का? पाऊस वीस दिवस गेला तर टिकेल का? एका तरुण शास्त्रज्ञाच्या वहीत मी डोकावून पाहिले. शेतकरी काय विचारतात ते गावाच्या नावासकट तो लिहून घेत होता. कोणाचे म्हणणे काय ते नावानिशी नोंदवण्याची म्हाइंभटांची शिस्त अशी वावरात चालू असलेली पाहून आनंद झाला.

फेरीच्या एका कोपऱ्यात विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ मिलचे प्रात्यक्षिक चालले होते. बचत गटाच्या बायका ती चालवत होत्या. अख्ख्या तुरीला आधी रोलरवर ओरखडे पाडायचे, तेला-पाण्याचा हात द्यायचा, उन्हात वाळवायचे आणि मग पुन्हा यंत्रातून काढायचे. एका तोंडाने पिवळीधमक डाळ पडते, दुसऱ्याने फोलपट आणि चुनी. अकोला डाळ मिलचे शहर. पण शेतकऱ्याने तूर विकायची आणि तीच डाळ होऊन दुप्पट भावाने घ्यायची, हा इथला जुना नियम. गावातच डाळ झाली तर मधला पैसा गावात राहतो. यंत्राच्या बाजूला हात पुसत एक बाई म्हणाल्या, “पयले आमी तूर इकत होतो, आता डाय इकतो.” पहिल्या वर्षीच्या नफ्यातून त्यांनी पोरीची कॉलेजची फी भरली होती. ती पोरगी अकोल्यातल्याच एका कॉलेजात शिकते आणि त्या कॉलेजची पदवी गाडगेबाबांच्या विद्यापीठाची.

या विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे वर्णन पुरे होणार नाही. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली. त्यांतला वर्धा सोडला तर उरलेले पाचही जिल्हे अमरावती विद्यापीठाचे. ज्या मुलांसाठी हे विद्यापीठ आहे, त्यांतल्या कित्येकांनी घरातला कर्ता माणूस असा गमावला आहे. भुकेल्याला अन्न, गरिबाच्या मुलांना शिक्षण आणि दुःखी माणसाला हिंमत असे सांगणाऱ्याचे नाव घेतल्यावर हे दुःख विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर ठेवता येत नाही.

विद्यापीठांचा दर्जा ठरवताना शोधनिबंध, पेटंटे, प्रयोगशाळा मोजल्या जातात. त्या मोजाव्यातच, ज्ञान कच्चे असेल तर सेवाही कच्चीच होते. पण वऱ्हाडच्या विद्यापीठांनी स्वतःसाठी आणखी एक कसोटी धरावी, तिचा हक्क त्यांना इथल्याच परंपरेने दिला आहे. मेळघाटच्या पोराला पहिला धडा कोरकूत मिळेल असे अभ्यासक्रम इथे तयार व्हावेत. खारपाणाच्या मातीवर, कापसाच्या कर्जावर, बंद पडलेल्या गाडीवर इथल्या पदव्युत्तर वर्गांत प्रबंध लिहिले जावेत, आणि ते ज्यांच्याविषयी आहेत त्यांना वाचता येतील अशा मराठीत छापून गावोगाव जावेत. वसतिगृहाची एक खोली कमी पडली म्हणून कोणाही मुलीचे शिक्षण तालुक्याच्या गावीच थांबू नये. यासाठी नवा विचार कुठून आणावा लागणार नाही. नागदेवाचार्य, गाडगेबाबा आणि पंजाबराव यांनी तो करून ठेवला आहे. त्यांचा वारसा सांगणाऱ्या संस्थांनी तो अमलात आणायचा आहे, आणि पाच जिल्ह्यांतल्या आई-बापांनी तो हक्काने मागायचा आहे.